मंत्राचा अर्थ कोणी लावावा?

हिरण्यकशिपूची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. उग्र तपश्चर्येने ब्रह्मदेवास प्रसन्न करून त्याने जो वर मागून घेतला, त्याची भाषा एखाद्या मुरलेल्या वकिलाने मसुदा करून द्यावी तशी होती. मरण घरात येऊ नये, घराबाहेर येऊ नये. दिवसा येऊ नये, रात्री येऊ नये. मनुष्याच्या हातून येऊ नये, पशूच्या हातून येऊ नये. भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने तर नकोच नको. आणि अखेर झाले काय? मरण आले ते सायंकाळी, उंबरठ्यावर, नरसिंहाच्या मांडीवर आणि नखांनी आले. कीर्तनकार या कथेतून भक्तीचा महिमा सांगतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु निव्वळ शब्दार्थाच्या दृष्टीने पाहिले, तर दिलेला वर तसूभरही न मोडता त्या दैत्याचा वध झाला. ज्याने अक्षराचा कोट बांधला, तो अक्षरातील फटीतूनच मारला गेला.

दिलेल्या शब्दाचा अर्थ कोणता, तो कोणी लावावयाचा आणि कोणत्या रीतीने लावावयाचा, हा प्रश्न पुराणांपुरता नाही. यज्ञमंडपात तो उपस्थित झाला आहे, न्यायालयात झाला आहे, आणि आश्चर्य असे की, गेल्या अर्धशतकात तो दिवाणखान्यातील एका खेळातही उपस्थित झाला आहे. त्या खेळात मांत्रिकांचे मंत्र असतात, मंत्रांचे नियम असतात आणि नियमांच्या अर्थावरून रात्र रात्र वाद चालतात. या वादाचा इतिहास आज श्रोत्यांपुढे थोडक्यात ठेवावयाचा आहे.

प्रथम त्या खेळाची ओळख करून देणे अवश्य आहे. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण मात्र कोणाच्याच पक्षाचा नसतो. तो कथेचा सूत्रधार. 'तुम्ही एका अंधाऱ्या भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, काय करता?' असे त्याने विचारावयाचे, खेळाडूंनी आपला बेत सांगावयाचा, आणि बेत सफळ झाला की फसला हे फाशांनी आणि नियमांनी ठरवावयाचे. सोंगट्यांचा पट येथे असलाच पाहिजे असे नाही. खरा पट बोलण्याचाच असतो. पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या कॉलेजांत शिकणारी आमच्या भागातील मुले सुटीत घरी येतात तेव्हा धानोऱ्यासही हा डाव मांडला जातो, व तो जवळ बसून पाहण्याचा योग मला अनेकदा आला आहे.

या खेळाचे मूळ शोधू गेल्यास आपण बुद्धिबळाच्याच घराण्यात जाऊन पोहोचतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन विद्वानांनी बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर युद्धाचे नाट्य मांडण्याचा उद्योग आरंभिला. पुढे राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने, आपल्या पित्याने सुरू केलेले काम पुरे करून, १८२४ साली 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. चौकटींचा पट गेला व त्याच्या जागी खरा नकाशा आला. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम लिहून एका पंचाच्या हाती द्यावयाचे, आणि पंचाने कोष्टके व फासे यांच्या साहाय्याने निकाल सांगावयाचा, अशी योजना होती. प्रशियाच्या सेनेने हा खेळ शिक्षणाचे साधन म्हणून स्वीकारला. परंतु कोष्टके वाढत गेली, खेळ रेंगाळू लागला, आणि १८७६ साली फेर्डी दु फेर्नुआ या सेनापतीने उलट टोक गाठले. कोष्टके बाजूस ठेवा, अनुभवी पंच जे सांगेल ते प्रमाण माना, असे त्याचे प्रतिपादन होते. लिखित नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक श्रेष्ठ, हा वाद येथून सुरू झाला, आणि तो अद्यापि मिटलेला नाही.

१८८० साली टॉटन या अमेरिकन लेखकाने 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथाने ही परंपरा आपल्या देशात नेली. या जुन्या ग्रंथाचा आधार घेऊन डेव्हिड वेस्ली याने १९६० नंतरच्या दशकात मिनेसोटा प्रांतात आपल्या मित्रांचे डाव मांडले. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन याने त्यात कल्पनारम्य राज्य आणले. आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स या दोघांच्या नावे जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने विक्रीस आला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १,००० पेट्या होत्या. आज जगभर जे असे खेळ खेळले जातात, त्यांचा हा मूळपुरुष होय.

योद्ध्याची तलवार काय करू शकते हे सांगावे लागत नाही. तलवार कशी चालते ते आपण जाणतो. मंत्राचे तसे नाही. मंत्र ही वस्तू जगात नाही; ती आहे केवळ शब्दांत. म्हणून नियमाच्या वाक्यात जेवढे सांगितले तेवढेच तिचे अस्तित्व, आणि वाक्य जेथे संदिग्ध तेथे वस्तूच संदिग्ध. या खेळातील बहुतेक तंटे मंत्रांवरूनच का व्हावेत, याचे मर्म हेच आहे.

एक उदाहरण घेऊ. अग्निगोलकाचा एक मंत्र या खेळात आरंभापासून आहे. १९७४ च्या पुस्तिकेप्रमाणे तो गोलक फुटला की वीस फूट त्रिज्येचा जाळ होतो. पण जागा अरुंद असेल तर जाळ त्या जागेचा आकार घेतो, असेही तेथे म्हटले आहे. आता आकार घेतो म्हणजे नक्की काय होते? १९७८ च्या ग्रंथात या जाळाचे घनफळ सुमारे ३३,००० घनफूट असे दिले गेले, आणि मेजावर त्रैराशिके मांडली जाऊ लागली. दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा भुयारात हा जाळ ३३० फूट लांब पसरणार. म्हणजे मंत्र टाकणाराच मागे फिरलेल्या ज्वाळेत होरपळणार! उलट, २००० सालच्या आवृत्तीत त्रिज्या वीस फूटच राहते. ज्वाळा कोपऱ्याभोवती वळते, परंतु भुयार अरुंद म्हणून लांबत नाही. मंत्र तोच, नाव तेच, आणि वाक्यरचनेच्या फरकाने एकाच प्रसंगी एक मांत्रिक जगतो तर दुसरा मरतो.

दुसरे उदाहरण याहून मार्मिक आहे. २०१४ च्या आवृत्तीत अदृश्य झालेल्या पात्राविषयी दोन कलमे होती. पहिले असे की, मंत्रादिकांच्या साहाय्यावाचून ते पात्र दिसत नाही. दुसरे असे की, त्याच्यावर वार करणारास फाशांत अडचण होते आणि त्याच्या स्वतःच्या वारास सवलत मिळते. आता अदृश्य वस्तू दृश्य असल्याप्रमाणे दिसाव्यात असा एक मंत्र त्याच ग्रंथात आहे. तो मंत्र ज्याने जपला आहे, त्याला समोरचा अदृश्य शत्रू स्वच्छ दिसतो. मग त्याच्या वारातील अडचण दूर झाली की नाही? सामान्य बुद्धी म्हणते, झाली. परंतु अक्षर म्हणते, नाही. कारण दुसरे कलम पहिल्यावर अवलंबून आहे असे कोठे लिहिलेले नाही. नियमरचनाकारांपैकी प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांना हा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा त्यांनीही अक्षराच्याच बाजूने उत्तर दिले. शत्रू डोळ्यांना दिसतो, आणि तरीही तो दिसत नसल्याप्रमाणे वार चुकतो, असा हा चमत्कार दहा वर्षे चालला. अखेर २०२४ च्या सुधारून लिहिलेल्या ग्रंथात, ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळणार नाही, असे स्पष्ट शब्द घालण्यात आले.

संदिग्ध नियमांविषयी खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची प्रथा या खेळात जुनी आहे. 'द ड्रॅगन' नावाच्या मासिकात १९७९ पासून यासाठी स्वतंत्र सदर चालविले जात असे. २०१५ साली क्रॉफर्ड यांनी नियम वाचण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या: लिहिले आहे त्याप्रमाणे वाचणे, लिहिणाराच्या मनात होते त्याप्रमाणे वाचणे, आणि मेजावरील मंडळींचे रंजन होईल त्याप्रमाणे वाचणे. विभागणी सुबक आहे. परंतु या तिन्ही दृष्टी परस्परविरुद्ध निकाल देऊ लागल्या तर कोणती आधी आणि कोणती मागाहून, याचा ठाम क्रम तीत नाही. आणि क्रम नसेल, तर प्रत्येक जण आपल्या सोयीची दृष्टी निवडणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

हा क्रम लावण्याचे काम आपल्या देशात फार पूर्वी झालेले आहे, आणि तेही खऱ्याखुऱ्या मंत्रांच्या बाबतीत. जैमिनीची पूर्वमीमांसा म्हणजे कर्मकांडाचे रूक्ष शास्त्र, असा सुशिक्षितांत समज आहे. वास्तविक ते संदिग्ध वाक्याचा अर्थ लावण्याचे शास्त्र आहे. कोणता मंत्र कोठे, कशासाठी, कोणत्या द्रव्यासह वापरावयाचा, याविषयी श्रुतिवाक्यांत जेथे संशय येई, तेथे निर्णय कसा करावा हे त्यात सांगितले आहे.

त्यातील एक उदाहरण पाहा. वेदीच्या प्रसंगी माखलेले खडे मांडावेत, अशी आज्ञा आहे. कशाने माखलेले? तेलाने, तुपाने की वसेने? आज्ञेत शब्द नाही. मीमांसक सांगतात की, अशा वेळी आपल्या मनाने द्रव्य ठरवू नका. त्याच वाक्याचा उरलेला भाग पाहा. पुढेच तुपाची स्तुती आलेली आहे. ज्याचे विधान करावयाचे नाही त्याची स्तुती कोण कशाला करील? अर्थात खडे तुपाने माखावयाचे. संदिग्ध शब्दाचा निर्णय वाक्यशेषावरून करावा, हा नियम यातून सिद्ध झाला.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. एक ऋचा इंद्राला उद्देशून आहे. तिच्या शब्दांवरून ती इंद्राच्या उपस्थानासाठी असावी असे वाटते. परंतु ब्राह्मणग्रंथातील विधी स्पष्ट सांगतो की, तिने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे. मंत्राच्या शब्दांत जे सामर्थ्य दिसते त्यास 'लिंग' म्हणतात, आणि प्रत्यक्ष विधानास 'श्रुति' म्हणतात. दोहोंत श्रुति बलवान. म्हणून ऋचा गार्हपत्यालाच लागू झाली आणि इंद्र या शब्दाचा अर्थ तेथे गौण घ्यावा लागला. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे जैमिनीने सांगितली असून, विरोध आला असता आधीचे प्रमाण मागच्यापेक्षा प्रबळ, असा निःसंदिग्ध क्रम घालून दिला आहे. प्रत्यक्ष शब्द आधी, मग शब्दाचे सामर्थ्य, मग वाक्याची जुळणी, मग प्रकरण, मग कोणत्या जागी आले ते, आणि नुसते नाव सर्वांच्या शेवटी.

मीमांसकांना असे का करावे लागले? त्यांच्या मते वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ता नाही. अर्थात 'कर्त्याच्या मनात काय होते' हे विचारावयास जाण्याची सोयही नाही. जे काही शोधावयाचे ते वाक्यातच शोधावयाचे. विचारावयास कोणी नाही, म्हणून वाचण्याची शिस्त निर्माण झाली. खेळाची गोष्ट वरवर पाहता उलटी दिसते; त्याचे कर्ते हयात असतात व उत्तरेही देतात. परंतु रात्री दहा वाजता धानोऱ्यातील एखाद्या घरात डाव अडला, तर कर्ता तेथे नसतो. आणि अदृश्यतेच्या प्रकरणावरून दिसते की, कर्ता असला तरी त्याच्या उत्तराने शंका मिटतेच असे नाही. त्या मेजावर बसलेल्यांपुढे वाक्य आणि वाचण्याची शिस्त एवढीच शिदोरी असते. या अर्थाने सूत्रधार हा मीमांसकाचाच भाऊबंद आहे.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यात मीमांसेचे अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि त्याच घराण्यातील नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ म्हणून मान्य झाला. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरविताना मीमांसकांच्याच कसोट्या लावल्या: आरंभ व शेवट कसा आहे, पुनःपुन्हा काय सांगितले आहे, नवीन काय आहे, फळ कोणते, स्तुती कशाची आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने आहे.

आता याच कसोट्या त्या अदृश्य शत्रूला लावून पाहू. दुसऱ्या कलमात प्रत्यक्ष विधान आहे, हे खरे. आणि ते प्रबळ आहे, हेही खरे. परंतु शत्रू 'दृश्य असल्याप्रमाणे' दिसावा, हेही दुसऱ्या मंत्रातील प्रत्यक्ष विधानच आहे. श्रुतीविरुद्ध श्रुति उभी राहिली. येथे उत्सर्ग आणि अपवाद यांचा न्याय लागतो: अदृश्यतेचे कलम सर्वांविषयी सामान्य आहे, तर मंत्राचे वाक्य तो जपणाऱ्या एकट्यापुरते विशेष आहे, आणि विशेषाने सामान्य बाधित होते. गंमत अशी की, विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे तत्त्व त्याच २०१४ च्या ग्रंथाच्या आरंभी लिहिलेले होते! ते येथे लावले असते, तर २०२४ साली नवे शब्द घालून जे साधले, तेच जुन्या शब्दांतूनही निघाले असते. अक्षरनिष्ठेचा दोष अक्षर मानण्यात नाही. एकच ओळ धरून भोवतालची अक्षरे सोडून देण्यात तो आहे.

कोणी म्हणेल, खेळातल्या मंत्रासाठी एवढा शास्त्रार्थ कशाला? त्यांच्यासाठी या आमच्याच तालुक्यातील एक हकीकत सांगतो. येथे फासे नव्हते. गावाची उपजीविका होती.

धानोऱ्याजवळच मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचे लहान गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाच्या ग्रामसभेस २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या असून तीत बांबूचे नाव स्पष्ट घातलेले आहे, आणि हक्क देणारे कलम 'अन्य कायद्यांत काहीही असले तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या शब्दाची जी व्याख्या होती, तीतही बांबू होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. जुन्या कायद्याप्रमाणे वृक्ष. नव्या कायद्याप्रमाणे गौण वनोपज. एक वस्तू आणि तीन शब्द! गावाने बांबू तोडून विकावयाचे ठरविले, तेव्हा वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते तयार होईना. जुन्या व्याख्येचा आधार घेणारे खाते हेच आजवर त्या बांबूचे मालक म्हणून वागत आले होते, हे येथे विसरता कामा नये.

मेंढ्याच्या लोकांनी हातघाई केली नाही. या गावात निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत आहे, आणि विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसविण्याची सवयही आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील जाणते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती मिळून कायद्याचे कलम न कलम वाचले गेले. युक्तिवाद तोच, जो मीमांसकाने केला असता: प्रत्यक्ष शब्द आमच्या बाजूस आहे, आणि विशेष कायदा सामान्य कायद्यास बाधित करतो. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. खेळातील ग्रंथकारांनी २०२४ साली जे केले, तेच येथे विधिमंडळाने केले: वाचणाऱ्यांनी आधी अर्थ लावला, आणि शब्द मागाहून दुरुस्त झाले.

या दोन्ही हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे जे तात्पर्य निघते ते असे. संदिग्धता हा नियमांचा टाळता येण्याजोगा दोष नाही. माणसाची भाषाच अशी आहे की, पुढे येणारा प्रत्येक प्रसंग तिच्यात आगाऊ मावत नाही. कोष्टके वाढवून ती नाहीशी होत नाही, हे राइसविट्झनंतरच्या पन्नास वर्षांनी दाखविले. आणि सर्व काही पंचावर सोपवून ती नाहीशी होते म्हणावे, तर पंचाचा लहरीपणा तिची जागा घेतो. उपाय एकच: अर्थ लावण्याचा क्रम आधी ठरलेला असावा, तो सर्वांस ठाऊक असावा, आणि अर्थ लावणारास त्या अर्थातून स्वतःचा लाभ नसावा.

ज्यांच्या घरी हा खेळ चालतो, त्या तरुणांनी एवढे करून पाहावे. डाव मांडण्यापूर्वी ठरवावे की, प्रथम वाक्यातील प्रत्यक्ष शब्द पाहू. तो पुरेसा नसेल तर वाक्याचा शेष आणि प्रकरण पाहू. दोन नियम भिडले तर विशेषास मान देऊ. आणि एवढ्यानेही न सुटले तरच सूत्रधाराचा विवेक प्रमाण मानू. सूत्रधाराने निकाल थोडक्यात, कारण सांगून द्यावा. वाद डाव संपल्यावर घालावा. आज जो अर्थ खेळाडूच्या मांत्रिकास लागला, तोच उद्या सूत्रधाराच्या राक्षसासही लागावा. जो अर्थ उलटवून आपल्यावर लावून घेण्याची आपली तयारी नाही, तो अर्थ नव्हे. ती केवळ आपली इच्छा होय.

चार मित्रांच्या डावात ही शिस्त अंगी बाणली, तर पुढे एखादे भाडेपत्र, एखादा ठराव किंवा एखादे कलम हाती येईल तेव्हा ती उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही. शब्द वाचता येणे ही साक्षरता. दुसऱ्याच्या बाजूनेही तो शब्द वाचता येणे हे शिक्षण.